मुंबई–लंडन: अंतर आणि वेळ

७. नायिका पहाटे दोनला मुंबईहून निघून सकाळी साडेसहाला हीथ्रोवर उतरते, म्हणून प्रवास साडेचार तासांचा ठरत नाही. प्रसंग जानेवारीतला, हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे (उन्हाळ्यात साडेचार). म्हणजे खरे तास दहा. सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. पण युद्धग्रस्त प्रदेशांना वळसा घालावा लागला की प्रत्यक्ष उड्डाण त्याहून लांबते. परतीला बहुधा कमी वेळ लागतो, कारण उंचावरचे पश्चिमी वारे विमानाला पाठीमागून रेटतात. नायिकेच्या आजोबांच्या तोंडची कैरो-जिनिव्हाच्या थांब्यांबद्दलची कुरकुर मात्र रास्त आहे: ८ जून १९४८ रोजी निघालेली एअर इंडियाची ‘मलबार प्रिन्सेस’ तिथे थांबतच लंडनला पोचली होती.