उपाशीपोटी साखर येते कुठून?

मधुमेहाबद्दलचा एक समज आपल्या अंगवळणी पडला आहे. रक्तातली साखर म्हणजे खाल्लेल्या अन्नाची साखर. ती वाढली, तर रोग्याने नक्कीच काहीतरी खाल्ले असणार. बुलढाणा जिल्ह्यात मेहकर, चिखलीपासून जळगाव जामोदपर्यंत घरोघर हाच हिशेब मांडला जातो. रात्रीची भाकरी टाळून झोपलेल्या म्हातारीची सकाळची साखर १६५ आली की लेक विचारतो, "माय, राती चोरून काही खाल्लं काय?" एकादशीचा उपास धरून शेगावच्या दर्शनाला निघालेला रोगी त्या दिवशी गोळीच घेत नाही. पोटात अन्न नाही, मग गोळी कशासाठी, असा त्याचा सवाल असतो.

या समजाची बाजू आधी नीट मांडायला हवी. तिला तीन आधार आहेत. जेवणानंतर साखर चढते, हे कोणतेही तपासणी यंत्र दाखवते. आयुर्वेदात सुश्रुताने प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या रोगाचे, सहज (जन्मजात) आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद सांगितले, म्हणजे अपथ्याला परंपरेनेही कारण मानले. आणि गोडधोड सोडल्यावर अनेकांना गुण येतो. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण सकाळची साखर रात्रीच्या ताटातून आली, हा निष्कर्ष त्यांतून निघत नाही.

पॅरिसच्या क्लोद बर्नार या शरीरशास्त्रज्ञाने १८४८ च्या सुमारास कुत्र्यांना केवळ मांस खाऊ घातले. आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या रक्तात त्याला साखर मिळाली नाही, पण यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात मिळाली. १८५५ मध्ये त्याने यकृत पाण्याने धुऊन त्यातली सगळी साखर काढून टाकली. दुसऱ्या दिवशी त्याच यकृतात पुन्हा साखर होती. शरीर स्वतः साखर तयार करते, हे तेव्हाच सिद्ध झाले. १८५७ मध्ये बर्नारने ती साठवणारा पदार्थही वेगळा केला. त्याचे नाव ग्लायकोजेन.

ही सोय नसती तर माणूस एक रात्रही काढू शकला नसता. रक्तात एका वेळी जेमतेम पाच ग्रॅम साखर असते, आणि एकटा मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम वापरतो. आपल्या जुन्या वाड्यांतल्या पेवासारखे यकृत सुगीत भरून घेते आणि टंचाईत बाहेर काढते. शिवाय ग्लिसरॉल, लॅक्टेट आणि प्रथिनांच्या घटकांपासून ते नवी साखरही घडवते. निरोगी माणसाचे यकृत रात्री दर मिनिटाला, दर किलो वजनामागे सुमारे दोन मिलिग्रॅम साखर सोडते. टाइप टू मधुमेहात उपाशीपोटीची साखर बरीच वाढलेली असेल, तर हा वेग अडीच मिलिग्रॅमच्या आसपास जातो. फरक क्षुल्लक दिसतो, पण साठ किलोच्या माणसात दहा तासांत तो अठरा ग्रॅम होतो. साधारण चार चमचे साखर, एक घासही न खाता.

हे उत्पादन आवरते कोण? मुख्यतः इन्सुलिन. स्वादुपिंडातून निघालेले इन्सुलिन आधी यकृतात पोचते आणि त्याचा निम्म्याच्या आसपास भाग तिथेच खर्च होतो. ते साठ्याचे विघटन थांबवते, आणि चरबीतून सुटणारी आम्ले रोखून नवी साखर घडवण्यालाही लगाम घालते. ग्लुकागॉन नेमके उलटे काम करते. टाइप टू मधुमेहात यकृत इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही आणि जेवल्यावर उतरायला हवे ते ग्लुकागॉनही उतरत नाही. म्हणून ताटातली साखर आत येत असतानाच यकृत आपली साखर सोडत राहते. जेवणानंतरचा आकडासुद्धा सगळा ताटाचा नसतो. पहाटे कॉर्टिसॉल आणि वाढीचे संप्रेरक चढते, तेव्हा यकृताला आणखी चालना मिळते.

सुशिक्षितांमध्ये दुसरे एक स्पष्टीकरण रूढ आहे: पेशींची दारे बंद असल्याने साखर रक्तात तुंबते. जेवणानंतर स्नायूंच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. पण उपाशी अवस्थेत मधुमेही शरीराचा एकूण साखरेचा वापर निरोग्यापेक्षा कमी नसतो. तिथे मुख्य बिघाड खपाचा नव्हे, अतिरिक्त उत्पादनाचा आहे.

मग आहाराला महत्त्व नाही का? आहे, पण वेगळ्या अर्थाने. न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांच्या गटाने २०११ मध्ये अकरा रोग्यांना वैद्यकीय देखरेखीखाली आठ आठवडे रोज सहाशे कॅलरींवर ठेवले. पहिल्याच आठवड्यात यकृतातली चरबी सुमारे तीस टक्क्यांनी घटली, आणि उपाशीपोटीची साखर १६६ च्या आसपासहून १०६ च्या आसपास आली. इथे यकृतातली चरबी हटली होती. एका रात्रीच्या लंघनाने ते घडत नाही. आणि साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेला उपास तर पिष्टाचाच आहार. अपथ्य रोगाला जन्म देऊ शकते, हे सुश्रुताचे म्हणणे राहतेच. रोज सकाळच्या आकड्याचा खुलासा त्यातून होत नाही.

"मी तर काटक, मला शुगर कशी?" हा शेतकऱ्याचा प्रश्नही इथेच सुटतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे २००४ मध्ये छापलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक अंगातही चरबी दडलेली असू शकते.

यावरून व्यवहार ठरतो. मेटफॉर्मिन ही गोळी मुख्यतः यकृताचे साखर-उत्पादन आवरते, म्हणून 'अन्न नाही तर गोळी नाही' हा नियम तिला लावता येत नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते. ती उपाशीपोटी घेतली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. म्हणून कोणती गोळी कधी टाळायची, हे उपास धरण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. उपाशीपोटीचा आणि जेवणानंतरचा आकडा वेगवेगळा लिहून ठेवावा, कारण दोन्ही वेगळी माहिती देतात. आणि न जेवता झोपलेल्या आईवर चोरीचा आळ घेणे आता थांबवावे. त्या आळापायी रोगी आकडे लपवतो, तपासणी टाळतो, आणि ज्या यकृतावर उपचार हवेत ते तसेच राहते.