खटका हाताजवळ नेताना

१९६२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे स्टीव्ह रसेल व त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला. दोन खेळाडू, दोन अवकाशयाने. यान चालवायचे ते संगणकावरच्याच चाचणी-खटक्यांनी. त्यामुळे कोपरे दुखत. शिवाय पडदा एका बाजूला असल्याने एका खेळाडूला तो अधिक नीट दिसे. तेव्हा ॲलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स यांनी तेथल्या आगगाडी-प्रतिकृती मंडळातील सुटे भाग वापरून दोन स्वतंत्र पेट्या बनवल्या. खेळ तोच राहिला. खटके मात्र हाताजवळ आले.

हे शक्य होते, कारण कळीकडून संगणकाला एवढेच समजते, की परिपथ जोडलेला आहे की तुटलेला. कळ कोणत्या आकाराची, कुठे बसवलेली, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

१९७७ च्या अटारी यंत्रात प्रत्येक दिशेसाठी वेगळी तार होती. १९८३ मध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉममध्ये आठ कळींची स्थिती एक चिप क्रमाने वाचून एकाच तारेवरून पाठवू लागली. तारा कमी झाल्या, पण घरी पेटी बनवणे अवघड झाले. आता ती चिपही हवी!

१९९७ मध्ये इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी ‘मेम’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली आणि जुने आर्केड खेळ घरच्या संगणकावर चालू लागले. हौशी मंडळींनी मग स्वस्त गेमपॅड उघडला, रबरी कळी काढल्या, संपर्कबिंदूंवरचा कार्बनचा थर खरवडून तारांना डाख दिला आणि त्या लाकडी फळीखालच्या मायक्रोस्विचना जोडल्या. चिप तयारच मिळाली.

येथे एक दक्षता हवी. काही पॅडमध्ये सर्व कळींची एक तार सामाईक असते, तर काहींत कळी ओळी-स्तंभांत जोडलेल्या असतात. दुसऱ्या प्रकारात सगळ्यांना एकच सामाईक तार दिली, तर एक कळ दाबताच भलत्याच कळी लागतात. म्हणून डाख देण्याआधी, पॅड संगणकापासून सोडवून, मल्टिमीटरने कोणती टोके एकमेकांना जोडलेली आहेत ते तपासावे.

हा नुसता हौसेचा खेळ नाही. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने काढलेल्या ‘अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर’ला बाहेरचे खटके जोडता येतात. ज्या मुलाची बोटे हलत नाहीत, त्याच्यासाठी खटका कोपराशी किंवा पायाशी ठेवता येतो. आपल्या वर्गातही असे मूल असू शकते. परिपथाचा धडा शिकवताना आपण खटका नेहमी बल्बशेजारीच काढतो. तो कुठेही नेता येतो, हेही त्याच तासाला दाखवू या.