तीन खोरी, एकच बर्फ

आग्नेय फ्रान्समधील आल्प्स पर्वतात शेजारच्या तीन खोऱ्यांतील गावे लिफ्ट आणि घसरमार्गांनी जोडून 'ले त्रुआ वाले', म्हणजेच 'तीन खोरी', हे स्कीइंगचे क्षेत्र साकारले आहे. सुमारे ६०० किलोमीटरचे मार्ग असलेले हे क्षेत्र आपल्या प्रकारात जगातील सर्वांत मोठे मानले जाते. कूर्शवेल, मेरिबेल, ले मेनुइर आणि वाल तोरांस ही त्यातील प्रमुख ठिकाणे. मेरिबेलची मुहूर्तमेढ १९३८मध्ये पीटर लिंडसे या ब्रिटिश गृहस्थांनी रोवली. कूर्शवेल दुसऱ्या महायुद्धानंतर सामान्यांना परवडेल असे ठिकाण म्हणून सरकारी पुढाकाराने उभारले गेले; आज ते अब्जाधीशांचे गाव म्हणून ओळखले जाते, हा काळाचा महिमा! २३०० मीटर उंचीवरील वाल तोरांस येथे बर्फाची खात्री सर्वाधिक. तेथील हंगाम साधारणतः नोव्हेंबरअखेरीस सुरू होऊन मेच्या प्रारंभापर्यंत चालतो.

जिनिव्हाला उतरून बसने, अथवा पॅरिसहून रेल्वेने मूतिए स्थानकापर्यंत जाऊन पुढे बसने या गावांत पोहोचता येते. लिफ्टचा पास एका खोऱ्यापुरता किंवा तिन्ही खोऱ्यांसाठी मिळतो. प्रथमच स्की पायांत चढविणाऱ्याने संपूर्ण क्षेत्राचा पास घेणे म्हणजे निव्वळ पैशांचा अपव्यय. हिरव्या आणि निळ्या खुणांच्या सोप्या मार्गांवरच त्याचा आठवडा सरतो. लाल आणि काळे मार्ग सरावलेल्यांसाठी असतात.

सर्वाधिक फसगत होते ती परतीच्या वेळी. वाल तोरांसहून कूर्शवेलला जाताना मधले मेरिबेलचे खोरे ओलांडावे लागते आणि परततानाही तेच. लिफ्ट दुपारी चार-साडेचारच्या सुमारास बंद होऊ लागतात. जोडणारी शेवटची लिफ्ट चुकली, की मूतिएपर्यंत खाली उतरून दुसऱ्या घाटाने पुन्हा वर, असा साठेक किलोमीटरचा रस्ता टॅक्सीने कापावा लागतो. त्यामुळे दुपारी दोननंतर यजमान खोऱ्याकडे तोंड वळविलेले बरे.

आखीव मार्ग सोडण्याचा मोह मात्र जिवावर बेतू शकतो. फॉर्म्युला वनचा सात वेळचा विश्वविजेता मायकेल शूमाकर २९ डिसेंबर २०१३ रोजी मेरिबेल येथे दोन आखीव मार्गांमधील भागात घसरत असताना पडला आणि त्याचे डोके खडकावर आदळले. हेल्मेट असूनही मेंदूला गंभीर इजा झाली. तो भाग काही दुर्गम कडा नव्हता. मार्गापासून अवघ्या काही मीटरवर होता. शेंगेन व्हिसासाठी काढलेल्या साध्या प्रवास विम्यात स्कीइंग आणि डोंगरावरील बचावकार्याचा खर्च अंतर्भूत असेलच असे नाही. पॉलिसीतील ते कलम मुंबई-पुण्याहून निघण्यापूर्वीच वाचावे.