बिडाची चकती आणि चुंबकाची ओढ : थोरेन्स टीडी १२४ चा प्लॅटर का बदलला गेला?

१/ यंत्राचा एखादा भाग मोडत नाही, झिजत नाही, तरीही तो कालबाह्य ठरतो. हे कसे घडते? ध्वनिमुद्रिका वाजवणाऱ्या एका प्रसिद्ध टर्नटेबलच्या आधारे पाहू. (थ्रेड)

२/ स्वित्झर्लंडच्या जुरा पर्वतातील सँत-क्रोआ हे गाव संगीतपेट्यांसाठी ख्यातनाम. १८८३ मध्ये हर्मन थोरेन्स यांनी तेथेच आपला व्यवसाय उभारला. पुढे याच नाममुद्रेखाली १९५७ मध्ये 'टीडी १२४' हे टर्नटेबल बाजारात आले.

३/ त्याचे वैशिष्ट्य म्हणजे प्लॅटर, अर्थात ध्वनिमुद्रिकेला तोलणारी फिरती चकती. ती बिडाची, सुमारे साडेचार किलो वजनाची. तिच्यावर ॲल्युमिनियमची एक हलकी चकती असे. खटका दाबताच ही वरची चकती अलग होऊन थांबे. खालचे बीड मात्र फिरतच राही.

४/ एवढे वजन कशासाठी? कुंभाराचे चाक आठवा. जड चाक एकदा फिरू लागले की हाताचे लहानमोठे धक्के त्याला जाणवत नाहीत. ३३⅓ फेऱ्यांच्या वेगात एक फेरी १.८ सेकंदांची, तेवढ्यात गती किंचित ढळली तरी दीर्घ स्वर थरथरतो. बिडाचे जडत्व ही गती सांभाळत असे.

५/ मग परिस्थिती पालटली. १९५८ मध्ये स्टिरिओ ध्वनिमुद्रिका विक्रीस आल्या. १९५९ मध्ये डेन्मार्कच्या ऑर्टोफोनने 'एसपीयू' हे कार्ट्रिज आणले. १९६० च्या दशकात जपानच्या डेनॉनने एनएचके या प्रसारणसंस्थेसह 'डीएल-१०३' घडवले. दोन्ही 'मूव्हिंग कॉइल' प्रकारची : सुईबरोबर तारेचे सूक्ष्म वेटोळे हलते आणि शेजारी जोरकस चुंबक असतो.

६/ येथे पेच निर्माण झाला. चुंबक वर, बीड खाली. कार्ट्रिज खाली ओढले जाऊ लागले. सुईचा भार अवघ्या काही ग्रॅमचा. त्यात या ओढीची भर पडली की काट्यावर मोजून ठेवलेला भार प्रत्यक्षात वाढतो, आणि तो सुईला व ध्वनिमुद्रिकेच्या खाचेला सोसावा लागतो.

७/ उपाय एकच : अचुंबकीय प्लॅटर. परंतु कोणत्या धातूचा? बिडाची घनता पाण्याच्या सुमारे ७ पट, ॲल्युमिनियमची केवळ २.७ पट. त्याच आकाराची ॲल्युमिनियमची चकती घेतली तर चुंबकाची ओढ संपते, पण जडत्वही निम्म्याहून खाली येते. जस्ताच्या मिश्रधातूची घनता मात्र साडेसहा पटींच्या आसपास.

८/ म्हणूनच पुढच्या 'टीडी १२४/२' या सुधारित आवृत्तीच्या काळात जस्ताच्या मिश्रधातूचे प्लॅटर आले. जुन्या यंत्रांसाठी अचुंबकीय पर्यायी प्लॅटर आजही घडवले जातात. वजन राखायचे आणि चुंबकाला दाद द्यायची नाही, ही अट तीच.

९/ इतिहासाच्या अभ्यासकाने येथे सावध राहावे. प्लॅटरला चुंबक लावून पाहा : चिकटला तर बीड. न चिकटला तर यंत्र उत्तरकालीनच, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. मूळ १९५७ च्या सांगाड्यावर नंतरची चकती बसलेली असू शकते. एका भागावरून संपूर्ण वस्तूचा काळ ठरवता येत नाही. हाच न्याय जीर्णोद्धार झालेल्या मंदिराला आणि नव्याने बांधणी झालेल्या पोथीलाही लागू पडतो.

१०/ मग बदल करूच नये का? जरूर करावा, ते यंत्र ऐकण्यासाठीच घडले आहे. मात्र काढलेला बिडाचा प्लॅटर भंगारात जाऊ देऊ नये. त्याला यंत्राचा क्रमांक आणि बदलाची तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधून तो जपून ठेवावा. १९५७ च्या रचनाकारांनी काय गृहीत धरले होते आणि पुढच्या श्रोत्यांना काय हवे होते, हे त्या दोन चकत्या शेजारी ठेवल्यावरच उमगते. (समाप्त)