मोत्यांचे पाणी

नातीचे लग्न ठरले आणि सौ.ने कपाटातली मोत्यांची सर बाहेर काढली. १९९४ साली शाळेची सहल हैदराबादला गेली होती, तेव्हा चारमिनारजवळच्या एका दुकानातून मी ती आणली होती. दुकानदार म्हणाला होता, "मास्टरसाब, बिवा है, जपानी माल." घरी येऊन मी हे ऐटीत सांगितले आणि गेली तीस वर्षे सांगतच आलो.

दोरा कुजला होता म्हणून सर पटवेकऱ्याकडे नेली. त्याने मोती पांढऱ्या कापडावर ओतले, खिडकीपाशी नेऊन बोटाने फिरवले आणि म्हणाला, "काका, माल चिनी असणार. आणि मानेकडच्या मोत्यांचं पाणी गेलंय."

आपण फसलो की काय? मन स्वस्थ बसेना. मग वाचायला बसलो.

बिवा हे जपानमधले सर्वांत मोठे सरोवर. क्षेत्रफळ सुमारे ६७० चौरस किलोमीटर, पाणी गोडे. तिथल्या 'इकेचो' नावाच्या मोठ्या शिंपल्यात मोती पिकवण्याचे प्रयोग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मासायो फुजिता यांनी केले. समुद्रातल्या अकोया शिंपल्यात शिंपेचाच घडवलेला मणी घालतात आणि त्यावर मोत्याचे पातळ पुट चढते. बिवातली पुढे रूढ झालेली रीत वेगळी. दुसऱ्या शिंपल्याच्या अंगातल्या नाजूक त्वचेचे बारीक तुकडे आत ठेवायचे आणि दोन-तीन वर्षे वाट पाहायची. आत मणी नाहीच, त्यामुळे मोती जवळजवळ सबंध मोत्याचाच. क्वचितच अगदी गोल, पण तेज असे की जगभर 'बिवा' हाच गोड्या पाण्यातल्या मोत्याला शब्द झाला.

मग काठावर कारखाने आणि वस्ती वाढली. शेतातली औषधे, घरोघरच्या धुण्याच्या पावडरीतले फॉस्फेट, सगळे तळ्यात. १९७७ साली पाण्यावर तांबूस शेवाळाची साय पसरली. काठच्या गृहिणींनी पावडर सोडून साधा साबण वापरण्याची चळवळ उभी केली आणि १९८० पासून शिगा प्रांतात फॉस्फेटच्या पावडरींवर बंदी आली. पण शिंपल्यांना ते उशिराचे ठरले. ऐंशीच्या दशकात बिवाचे मोतीपीक जवळजवळ बसले. चीनमधल्या तळ्यांनी ती जागा घेतली. सुरुवातीचे चिनी मोती तांदळासारखे, सुरकुतलेले असत; पुढे शिंपल्याची जात बदलली आणि मोती सुधारले. 'बिवा' हे नाव मात्र बाजारात तसेच चालत राहिले.

म्हणजे १९९४ साली माझ्या खिशाला परवडेल अशी खरी बिवाची सर मिळणे अवघडच होते. दुकानदार खोटे बोलला की बाजाराची भाषा बोलला, देव जाणे.

पण मोती चांगला की वाईट हे नावावर ठरत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तळ्यातल्या मोत्याचाही उल्लेख आहे, आणि चांगल्या मोत्याची लक्षणेही. गोल, सपाटीवर ठरू नये असा, झळझळीत, वजनदार, गुळगुळीत, योग्य जागी विंधलेला. पटवेकऱ्याने वेगळे काय केले? मोत्यात खिडकीची कड रेखीव दिसते की पुसट, हे पाहिले. रेखीव दिसली तर पाणी चांगले. खडूसारखा पांढरा फटक दिसला तर थर नीट बसलेले नाहीत.

माझ्या सरीतले पुढचे मोती आजही पाणीदार आहेत. बिघडले ते मानेला टेकणारे. मोती म्हणजे चुनखडीच्या सूक्ष्म पापुद्र्यांची रास, मध्ये प्रथिनाचा लुकण. घाम, लिंबू, व्हिनेगर यांतले आम्ल चुनखडी खाते. अत्तर आणि केसांचे फवारे वरचे तेज मारतात. उष्णतेने आणि अति कोरड्या हवेने लुकण वाळतो. आमच्याकडे घालून झाले की सर तशीच डबीत जाई, आणि एकदा मी स्वतः ती टूथपेस्टने घासली होती! गेलेले पाणी धुऊन परत येत नाही. दागिना सर्वांत शेवटी घालावा, काढल्यावर ओलसर मऊ फडक्याने पुसावा, वाळू द्यावा आणि सुती कापडात गुंडाळून ठेवावा. एवढेच करायचे होते.

बिवाचे पाणी बिघडले तेही असेच, रोजच्या धुण्याभांड्यातून. काठच्या बायकांनी ते ओळखले तरी. माझ्या घरातले मला तीस वर्षे दिसले नाही.

आठ मोती बाजूला काढले, उरलेले रेशमात प्रत्येक मोत्यापाशी गाठ मारून ओवून घेतले. सर आखूड झाली. नातीला सगळे खरे सांगितले. ती म्हणाली, "आजोबा, चिनी तर चिनी. आजीच्या गळ्यातली आहे ना?"

सौ. काही बोलली नाही. फक्त मऊ फडके शोधून डबीत ठेवले.