सोसायटीचे दप्तर आणि सचिवाचे शिक्षण

महाराष्ट्रातल्या सहकाराचा इतिहास आपण नेत्यांच्या नावांनी सांगतो. वैकुंठभाई मेहता, धनंजयराव गाडगीळ, विठ्ठलराव विखे ही नावे त्यात हवीतच. पण गावची विकास सोसायटी ज्याच्या हाताने चालली तो सचिव या इतिहासात क्वचितच दिसतो, आणि त्याला काम कोणी शिकवले हे तर कोणी विचारतही नाही. १९०४च्या कायद्याने पतसंस्थांना नोंदणी दिली. हिशेब लिहिणारा माणूस गावातच मिळेल असे धरून चालले. मुंबई इलाख्यात हे काम पुष्कळदा शाळामास्तरच्या गळ्यात पडे. सहकारी संस्थांचा आढावा घेणाऱ्या १९१५च्या मॅक्लेगन समितीने शिक्षण आणि देखरेख यांवर बोट ठेवले, १९१८ मध्ये मुंबईत सहकार-शिक्षणासाठी इन्स्टिट्यूटही निघाली. तरी शिक्षणाची सोय वरून खाली झिरपत गेली आणि सचिवापर्यंत पोचेतो तिच्यातला प्रत्यक्ष कामाचा भाग फार थोडा उरला, असे मला ठामपणे वाटते.

स्वातंत्र्यानंतरचा क्रम पाहा. पुण्यात सहकारी प्रशिक्षण महाविद्यालय निघाले. १९५१-५२च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम तीन टक्के निघाला आणि ती पाहणी करणाऱ्या गोरवाला समितीने प्रशिक्षित माणसांची निकड मांडली. केंद्र सरकार आणि रिझर्व्ह बँकेने १९५३ मध्ये नेमलेल्या समितीच्या रचनेत वरिष्ठ अधिकाऱ्यांचे शिक्षण पुण्यात, मधल्या फळीचे प्रादेशिक केंद्रांत आणि कनिष्ठांचे राज्यांकडे, अशी वाटणी झाली. १९६७ मध्ये पुण्यात वैकुंठ मेहता संस्था आणि १९६९ मध्ये रिझर्व्ह बँकेचे कृषी बँकिंग महाविद्यालय उभे राहिले. या संस्थांचे मोल मोठे आहे. पण शेतकऱ्याशी रोज गाठ पडणारा माणूस या उतरंडीत सर्वांत तळाशी होता.

वर्गात शिकलेले आणि दप्तरावर शिकलेले यांतला फरक ‘नवं-जुनं’ या एकाच व्यवहारातून कळतो. मार्चअखेर सभासदाच्या नावावर जुने पीककर्ज जमा पडते आणि थोड्याच दिवसांत जवळपास तेवढेच नवे कर्ज नावे पडते. मधल्या दिवसांपुरते पैसे कधी सावकाराकडून आलेले असतात. पावती आहे, किर्द जुळते, तेरीज जुळते, ताळेबंदात दोष नाही. परीक्षेत असा प्रश्न आला तर उत्तर बरोबरच ठरेल. दप्तर मांडीवर घेऊन अनुभवी माणसाच्या शेजारी बसलेला उमेदवार मात्र विचारतो, की या माणसाचे पीक बाजारात गेले कधी? सातबारावर काय पेरले होते आणि कर्जाच्या कमाल मर्यादा पत्रकात काय धरले? हे प्रश्न पाठ्यपुस्तकातून सुचत नाहीत. जिवंत खात्यांवर पुन्हा पुन्हा बोट फिरवूनच सुचतात.

यावर कोणी म्हणेल, वसुली पावसावर आणि राजकारणावर ठरते, सचिवाच्या तयारीवर नव्हे. ऊसपट्ट्यात कर्ज फिटले ते कारखान्याने बिलातून कापून घेतले म्हणून. ही हरकत पुष्कळशी खरी आहे. पण जिथे कापून घेणारा कारखाना नाही त्या कोरडवाहू गावाकडे पाहिले की तिचे बळ कमी होते. दुष्काळात पीक बुडाले की अल्पमुदत कर्जाचे मध्यम मुदतीत रूपांतर करता येते. त्यासाठी सभासदागणिक कागद तयार करून ते वेळेत बँकेकडे जावे लागतात. ते कसे करायचे हे सचिवाला ठाऊक नसेल तर दुष्काळात होरपळलेला माणूस थकबाकीदार ठरतो आणि पुढच्या पेरणीचे कर्जही गमावतो. पाऊस सचिवाच्या हाती नसतो, पण या शेतकऱ्यावर थकबाकीदाराचा शिक्का बसू न देणे त्याच्या हाती असते. शिकलेला सचिव सभासदांना डोईजड होईल ही भीतीही जुनीच. खरे तर ज्याला दप्तर नीट कळत नाही त्यालाच ते सभासदांपुढे उघडायची धास्ती वाटते.

२०१३ मध्ये महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात कलम २४-अ आले आणि सभासद, पदाधिकारी, कर्मचारी यांचे प्रशिक्षण बंधनकारक झाले. २०२२ मध्ये केंद्राने देशातल्या सुमारे ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे अशाच विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणाला मंजुरी दिली. आता यंत्रच हिशेब करील, मग सचिवाला किर्द-खतावणी कशाला शिकवायची, असे विचारले जाते. पण संगणकात आरंभीची शिल्लक भरायची ती जुन्या वहीतूनच. एका सभासदाच्या नावावर वर्षानुवर्षे नवं-जुनं होत आलेले असेल, तर त्यातली खरी येणी किती आणि कागदावर फिरत राहिलेली किती, हे भरणाऱ्याला ओळखता आले पाहिजे. तेव्हा या प्रशिक्षणाचा पहिला आठवडा संगणकासमोर न घालवता सोसायटीच्या कपाटातल्या वह्यांवर घालवायला हवा, आणि तोही सचिवाच्या स्वतःच्याच सोसायटीत.