थंड रेडिएटर आणि भाडेकरूचा हक्क : विषयप्रवेश

कायद्याच्या पुस्तकात थर्मामीटरला काय काम, असा प्रश्न नव्या वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. पण न्यूयॉर्क शहरातील भाडेकरूंच्या हक्कांचा अभ्यास थर्मामीटरपासूनच सुरू करावा, असे मी सुचवीन. घरमालकाने हीट दिली नाही तर भाडेकरूने काय करावे, हा वरवर घरगुती वाटणारा प्रश्न. त्याच्या उत्तरात मालमत्तेचा कायदा, सार्वजनिक आरोग्य, स्थलांतरितांचा इतिहास आणि शेजारधर्म हे सगळे गुंतलेले आहे. वकिली न शिकलेल्या माणसालाही हे क्षेत्र समजू शकते, कारण ते मुळात सामान्य माणसांनीच घडवले आहे.

महाराष्ट्रातून गेलेल्या वाचकांनी आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्याकडे थंडी ही ज्याने त्याने निभावून न्यायची बाब असते. स्वेटर, गोधडी, फार तर शेकोटी. न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींत ती सोय भाडेकरूच्या हाती नसते. तळघरात एकच बॉयलर असतो, त्याची वाफ नळांतून मजल्यामजल्यावरच्या रेडिएटरपर्यंत चढते. बॉयलर कधी पेटवायचा, त्यात तेल कधी भरायचे, बिघडला तर कोणाला बोलवायचे, हे मालक आणि त्याचा ‘सुपर’, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, ठरवतात. भाडेकरू फक्त भाडे भरतो आणि रेडिएटरला हात लावून पाहतो. ज्याच्या हाती बॉयलर, त्याच्यावर जबाबदारी, हे या कायद्याचे साधे तर्कशास्त्र आहे.

ही जबाबदारी अंशांत मोजली जाते. १ ऑक्टोबर ते ३१ मे हा तिथला ‘हीट सीझन’. सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत बाहेरचे तापमान ५५ अंश फॅरेनहाइटच्या खाली गेले, तर घरात किमान ६८ अंश, म्हणजे २० अंश सेल्सिअस, असलेच पाहिजे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत बाहेर काहीही असो, घरात किमान ६२ अंश हवेत. गरम पाणी मात्र बाराही महिने, १२० अंशांचे. हे आकडे कोरडे वाटले, तरी त्यांतच भाडेकरूचे बळ आहे. ‘मला थंडी वाजते’ या तक्रारीवर वाद घालता येतो. ‘सकाळी ७ वाजता खोलीत ५९ अंश होते’ ही नोंद खोडून काढणे कठीण असते.

हा हक्क आयता मिळालेला नाही. जुन्या इंग्रजी कायद्यात भाडेपट्टा म्हणजे जमिनीचा ताबा देणारा व्यवहार मानला जाई. एकदा ताबा दिला की मालकाचे काम संपले. छप्पर गळो वा चूल विझो, भाडे देणे भागच. शेतकऱ्याला जमीन कसायला देताना या विचारात काही अर्थ होता. पाचव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांना तो लागू करणे हा अन्यायच होता, आणि तो फार काळ चालला. १९१७-१८च्या हिवाळ्यात, पहिल्या महायुद्धामुळे कोळशाची टंचाई झाली, तेव्हा थंड घरांतल्या न्यूयॉर्ककरांनी भाडे रोखून धरले. १९६३च्या अखेरीस हार्लेममध्ये जेसी ग्रे यांच्या नेतृत्वाखाली भाडेकरूंचा मोठा संप झाला. हीट नाही, गरम पाणी नाही, आणि घरात उंदीर. संपातल्या भाडेकरूंनी मेलेले उंदीरच पुरावा म्हणून न्यायालयात नेले.

न्यायालयांची भाषा बदलायला १९७० साल उजाडावे लागले. त्या वर्षी वॉशिंग्टन येथील एका खटल्यात न्यायमूर्ती जे. स्केली राइट यांनी मांडले, की शहरातला भाडेकरू जमीन घेत नाही. तो भिंतींबरोबर ऊब, उजेड, हवा, नळ अशा सेवांचा एकत्रित संच घेतो. तो संच अपुरा असेल तर पूर्ण भाडे मागता येत नाही. १९७५ साली न्यूयॉर्क राज्याने हेच तत्त्व कायद्यात घातले आणि घर राहण्यायोग्य असल्याची हमी प्रत्येक भाडेकरारात आपोआप अंतर्भूत झाली. १९७९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने ते आणखी स्पष्ट केले. इमारतीतले कामगार १७ दिवस संपावर गेल्याने सेवा कोलमडल्या होत्या. मालकाचा थेट दोष नसतानाही भाड्यात १० टक्के सूट कायम राहिली. ‘बॉयलरवाला आलाच नाही’ या सबबीला तेव्हापासून फारसे बळ उरलेले नाही. या विषयातले एकच निकालपत्र वाचायचे असेल, तर १९७९चे हे वाचावे.

आता उपायांकडे. वाचकांनी ते पायऱ्यांसारखे चढावेत. आधी मालकाला किंवा सुपरला लेखी कळवावे. मोबाइलवरचा संदेशही चालतो. मग शहराच्या ३११ क्रमांकावर तक्रार. शेजाऱ्याने केली असली तरी तुमच्या घरासाठी तुम्ही स्वतंत्र करा. शहराच्या गृहनिर्माण विभागाचा निरीक्षक येऊन तापमान मोजतो आणि कमी भरले तर ‘क’ वर्गाचा, म्हणजे तातडीच्या धोक्याचा, नियमभंग नोंदवतो. मालक हललाच नाही तर विभाग स्वतः दुरुस्ती करून खर्च त्याच्याकडून वसूल करू शकतो.

एवढ्यानेही भागले नाही, तर हाउसिंग कोर्टात ‘एचपी’ दावा दाखल करता येतो. त्यासाठी वकील लागत नाही, शुल्क थोडे असते आणि ते परवडत नसेल तर माफ होऊ शकते. न्यायाधीश दुरुस्तीचा आदेश देतात, दंड ठोठावू शकतात. ज्यांचे घर भाडेनियंत्रणाखाली आहे, त्यांना राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे भाडेकपातीचा अर्जही करता येतो. भाडे रोखणे ही शेवटची पायरी. ती आकर्षक वाटते, पण भाडे थकल्यावर मालक तुमच्यावर दावा करू शकतो आणि मग राहण्यायोग्यतेची हमी मोडली हे तुम्हाला तिथे सिद्ध करावे लागते. म्हणून रोखलेले भाडे खर्च न करता वेगळे ठेवावे, आणि त्याआधी जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा. एकट्याने हा मार्ग धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्येक पायरीवर तुमची वही उपयोगी पडते. तारीख, वेळ, खोलीतले तापमान, बाहेरचे तापमान, कोणाला कळवले, काय उत्तर आले, एवढे रोज लिहा. या साध्या नोंदींवर न्यायालयात निकाल फिरतात.

हडसन नदी ओलांडून न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी मात्र वेगळे आकडे लक्षात ठेवावेत. तिथे बहुकुटुंबी इमारतींसाठी हा काळ १ ऑक्टोबर ते १ मे असा आहे. सकाळी ६ ते रात्री ११ किमान ६८ अंश, उरलेल्या वेळी ६५. त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली, गळणारे शौचकूप स्वखर्चाने दुरुस्त करून ती रक्कम भाड्यातून वळती करणाऱ्या भाडेकरूच्या बाजूने निकाल दिला. जर्मनीचा नागरी कायदा याहून पुढे जातो: घरात मोठा दोष असेल तर भाडे कायद्यानेच कमी होते. आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ वाचला, तर त्याच्या कलम २९ मध्ये मालकाला पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट यांसारख्या अत्यावश्यक सेवा रास्त कारणाशिवाय तोडण्यास मनाई आहे. हवामान वेगळे, पण विचार एकाच कुळातला. ज्यांनी मुंबईच्या जुन्या चाळीत पाणी तोडल्याचे भांडण पाहिले आहे, त्यांना न्यूयॉर्कचा बॉयलर परका वाटणार नाही.

दोन गोष्टी मात्र पुढच्या प्रकरणांची वाट न पाहता सांगितल्या पाहिजेत. हीट नसताना गॅसची शेगडी पेटवून घर तापवू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. विजेचे हीटरही जपून वापरा. ९ जानेवारी २०२२ रोजी ब्रॉन्क्समधल्या एका उंच इमारतीत अशाच हीटरमधून लागलेल्या आगीच्या धुराने १७ जण गेले, त्यांत ८ मुले होती.

दुसरी गोष्ट भीतीबद्दल. तक्रार केली तर मालक घर सोडायला लावेल, ही धास्ती नव्याने आलेल्या माणसाला फार असते. न्यूयॉर्कच्या कायद्यात सूडाने केलेल्या कारवाईला मनाई आहे. २०१९च्या सुधारणेनंतर, प्रामाणिक तक्रारीपासून एका वर्षाच्या आत मालकाने घर खाली करण्याचा दावा लावला, तर तो सूडापोटी असल्याचे गृहीत धरले जाऊ शकते, आणि मग तसे नसल्याचे मालकाने दाखवायचे असते. शिवाय भाडेकरूंना संघटना करण्याचा हक्क आहे. इमारतीच्या लॉबीसारख्या सामायिक जागेत योग्य वेळी, शांततेने बैठक घ्यायला मालकाची परवानगी लागत नाही. हे पुस्तक तुम्ही एकटे वाचत असाल, तर शेजारच्या दोन-चार घरांना विचारा की त्यांच्या रेडिएटरचे काय चालले आहे, आणि पहिली बैठक तिथेच ठरवा.